भिंतीवरचा मामा

मदुरै, वडक्कु मासी रस्ता
आडी महिन्यातला शेवटचा शुक्रवार

आदरणीय मायांडी मच्चान यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा चोक्कलिंगम याचा कमरेतून वाकून नमस्कार.

(साष्टांग घातला असता, पण उजवा गुडघा धरलाय. आणि तसंही तुमच्या ताडमाड देहासमोर मी ताठ उभा राहिलो तरी लोकांना साष्टांग घातल्यासारखाच दिसतो.) आपली प्रकृती ठणठणीत असणार याबद्दल मला शंका नाही. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, आणि तुमची नुसती उठली नाही, तर आरप्पाळयम स्टँडपासून सिम्मक्कलपर्यंत खळ लावून भिंतींवर चिकटवली गेली. त्या हिशेबानं तुम्ही आम्हां सगळ्यांना पोचवून मगच जाणार. वहिनींना नमस्कार. त्यांचा घसा आता सुटला असेल. नवरा शेजारी धडधाकट उभा असताना त्यांनी स्टँडवर जो हंबरडा फोडला तो ऐकून तेनीच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी तशीच टाकून खाली उतरला होता, असं तिथला चहावाला अजून येईल त्याला सांगतो. तुमच्याकडे बोडीला यंदा वेलची कशी आहे? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तेवढं वाक्य वाचून सोडून द्या.

फोन तुम्ही उचलत नाही. मोबाईलवर निरोप धाडला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढं सगळं सामसूम, म्हणजे वाचता, पण गिळून बसता. म्हणून पत्र. पत्र फेकून द्यायचं म्हटलं तरी आधी कुणाचं आहे ते बघायला फोडावं लागतं, हा त्यातला फायदा. आणि एक आधीच सांगून ठेवतो, हे पत्र माफीचं नाही. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. जे केलं ते या गावानं केलं, आणि या गावाला मी जन्मल्यापासून ओळखतो. तुम्हाला ते लांबून सोन्याच्या कळसाचं दिसतं. मला इथं राहावं लागतं.

या गावात तोंडानं सांगितलेलं कुणी धरत नाही, मच्चान. भिंतीवर लागलं तर खरं. पोर जन्मलं, लावा भिंतीवर. मुलगी वयात आली, लावा. कुणी दुबईला गेला, लावा. वर्षभरात हात हलवत परत आला, तरी लावा आणि वर सिंहाचं चित्र काढा. आमच्या शेजारचा तांदूळवाला पशुपती एका पक्षातून हाकलला गेला, तर त्यानं हाकलल्याचंसुद्धा पोस्टर लावलं, हात जोडून हसताना. आणि माणूस मेला की संध्याकाळच्या आत चौकाचौकात 'अश्रूंची आदरांजली', मधे मेलेल्याचा फोटो आणि खाली रडणाऱ्यांचे. रडणारे काळे चष्मे लावून असतात. मेलेला एकटाच जरा साधा दिसतो. ज्याचं पोस्टर लागलं नाही तो माणूस मेलाय यावर रेशनचा दुकानदारसुद्धा विश्वास ठेवत नाही. असं हे गाव. देवळासमोर भांड्यांचं दुकान टाकून माझ्या आज्यानं काय पाप केलं होतं कोण जाणे, ते मी फेडतोय.

आता आपल्या पोरीचे, अंगयर्कण्णीचे, कान टोचायचे ठरले तेव्हा मी म्हटलं होतं, (हे तुमच्या बहिणीलाही विचारा, ती बोलायला लागली की) की फ्लेक्सबिक्स काही नको. मामाला फोन करू, नात्यातल्यांना फोन करू, बोकड शिजवू, झालं. त्यावर पेच्चियम्मा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझा अण्णा बोडीहून आहेराची ताटं घेऊन येणार, आरप्पाळयमला उतरणार, आणि समोर काय बघणार? मुळव्याधीची जाहिरात? माझ्या अण्णाचं तोंड पाहिजे समोरच्या भिंतीवर. उतरल्या उतरल्या त्याला दिसलं पाहिजे." मच्चान, बायकोचं म्हणणं इतकं तंतोतंत खरं झालेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदाच बघितलं. (पहिल्यांदा ती म्हणाली होती की माझ्याशी लग्न करून तिचं वाटोळं होईल.)

गेलो सिम्मक्कलला कार्मेगमच्या दुकानात. फ्लेक्सवाला आहे, आणि पोस्टरंही तोच काढतो. लग्नाचंही काढतो आणि मयताचंही काढतो, दोन्हीकडे तोंड सारखंच ठेवतो. त्यानं कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं. मधोमध तुम्ही, बैलगाडीच्या चाकाएवढे, दोन्ही बाजूंना वाघ, डोक्यावर मुकुट, आणि खाली झोकदार अक्षरांत, 'भाचीला मांडीवर घ्यायला मामा येतोय!' मी विचारलं, बाबा रे, पोरीचा बाप कुठाय? तर खाली डाव्या कोपऱ्यात, बिर्याणीवाल्याच्या फोन नंबरच्या वर, टपालाच्या तिकिटाएवढा. मी जरा मोठं कर म्हणालो. कार्मेगम म्हणाला, "साहेब, बापाला कोण बघतं? कान टोचायला बाप लागतो का? मामाची मांडी लागते." नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. गप्प बसलो. मदुरैत माणूस दोनच ठिकाणी गप्प बसतो, सासुरवाडीचा विषय निघाला की आणि बिर्याणी ताटात आली की.

त्याच दिवशी सेल्लूरमधले तेलघाणीवाले मायांडी वारले. आता यात माझा काय दोष? या गावात दगड फेकला तर मायांडीलाच लागतो. भलं माणूस, भरपूर वय झालेलं, झोपेत गेले. त्यांची पोरं पोस्टर टाकायला गेली ती कार्मेगमकडेच. त्या गाढवानं तुमचाही फोटो मायांडी नावानं साठवलेला आणि त्यांचाही मायांडी नावानं. एका हातात मिरचीभजं, दुसऱ्या हातानं काम, आणि डोळे समोरच्या दुकानातल्या क्रिकेटवर. झालं. घाणीवाल्या मायांडींच्या 'अश्रूंची आदरांजली'वर तुम्ही बसलात, आणि आमच्या मांडवाच्या दारातल्या फ्लेक्सवर, मुकुट घालून, दोन वाघांच्या मधे ते बसले. अर्धवट मिटलेले डोळे, मिशा खाली आलेल्या, आणि खाली 'भाचीला मांडीवर घ्यायला मामा येतोय!' मी सकाळी मांडवात गेलो तेव्हा ते बघितलं. आमची पाव्हणेमंडळी तेवढ्यात त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. एकालाही काही खटकलं नाही. एकजण मला म्हणाला, "तुमचे मेहुणे वयानं फारच मोठे दिसतात हो."

आणि त्या घाणीवाल्यांची पोरं? मला वाटलं येऊन माझी गचांडी धरतील. आली, खरंच आली, मयतीहून परस्पर, ओल्या केसांनी. थोरल्यानं चपला काढून फ्लेक्सला हात जोडले. मग म्हणाला, "अप्पांना आयुष्यात कुणी एवढं मोठं केलं नाही. तुमचं काम झालं की हा आम्हाला द्याल का?" तो फ्लेक्स आता त्यांच्या घाणीच्या दारात आहे, वाघांसकट. मयत ज्यांच्या घरचं ते लोक समजूतदार निघाले. ज्यांच्या घरी कुणी मेलंच नाही त्यांनी संबंध तोडला. असो, नावं घेत नाही.

आता तुमचं उतरणं. मी तिथं नव्हतो हे मला मान्य आहे, पण चहावाल्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मला ते स्वतः बघितल्यासारखं आठवतं. तुम्ही टेम्पोतून उतरलात, पांढरीशुभ्र, जरीकाठी वेष्टी नेसून. मागं वहिनी, मागं बायका, डोक्यावर फळांची, साखरेची, पोरीला नेसवायच्या रेशमी पट्टुपावड्याची, बांगड्यांची ताटं. (ताटं माझ्याच दुकानातली, हे लक्षात ठेवा.) मागं शिंगं रंगवलेला बोकड. नादस्वरवाल्यानं फुंकायला तोंडाला लावलं, आणि तुम्ही समोर बघितलंत. भिंतीवर तुम्ही. वर काळी पट्टी, खाली 'मायांडी', आणि खाली पंधरावीस माणसं काळ्या चष्म्यात तुमच्यासाठी शोक करताहेत, त्यातल्या एकालाही तुम्ही ओळखत नाही. नादस्वरवाला पेशाला पक्का माणूस, त्यानं तोंडातनं वाद्य काढून हळूच विचारलं, "मालक, कुठलं वाजवायचं?" तेवढ्यात वहिनींनी सुरुवात केली. चहावाल्यानं येऊन तुमच्या दंडाला हात लावून बघितला. कुणीतरी तुमच्याजवळ तुमच्याबद्दलच हळहळ व्यक्त केली, आणि एका म्हाताऱ्यानं तुम्हालाच विचारलं, कधी उचलणार?

माणूस आहे, राग येणारच. मलाही आला असता. पण मी अशा वेळी काय केलं असतं सांगू? मांडवात येऊन चोक्कलिंगमच्या दोन कानफटात दिल्या असत्या, आणि मग पोरीला मांडीवर घेतलं असतं. तुम्ही मला फोन केलात. "जावईबापू, मेलेल्या माणसाच्या मांडीवर कुणी लेकरू बसवत नाही. घ्या तुमच्याच मांडीवर." आणि वैगैच्या पुलावरून सगळी वरात माघारी वळवलीत. ताटं, नादस्वर, बायका, बोकड, सगळं. बोकडसुद्धा!

या गावाला त्याची सवय आहे म्हणा. आमचा अळगरदेव दर चैत्रात बहिणीच्या, मीनाक्षीच्या, लग्नाला निघतो. तोही असाच थाटामाटात निघतो, तोही वैगैपर्यंत येतो, तिथं त्याला कळतं की लग्न आपल्याशिवाय लागून गेलं, आणि तो रागावून नदीतूनच माघारी फिरतो. गावात पाऊल टाकत नाही. आणि हे गाव काय करतं? भावाची समजूत काढतं? छे! लाखोंनी नदीकाठी जमतं आणि त्याला रागावलेला बघून हात जोडतं. बहीण इकडे देवळात, भाऊ तिकडे नदीत, मधे सगळं गाव पाणी उडवत नाचतंय. (नदीला पाणीसुद्धा नसतं. त्याच्या रागासाठी धरणातनं सोडावं लागतं.) लहानपणापासून मी हे बघत आलो आणि कधी काही वाटलं नाही. यंदा वाटलं. पण एक सांगतो, तो देव आहे, त्याला रुसणं शोभतं. आणि तो दर वर्षी परत निघतो, हे विसरू नका. दर वर्षी त्याला माहीत असतं की उशीर होणार, लग्न लागून गेलेलं असणार, तरी पुढच्या चैत्रात बिचारा पुन्हा निघतोच.

तुम्ही गेल्यावर इकडे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण आपल्या नात्यातली माणसं जेवून गेली आणि जेवल्यावर त्यांना दुसरं काही आठवत नाही. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. सोनार होता. सोन्याची तार घेऊन, मांडी घालून, तुमची वाट बघत बसला होता. मी म्हटलं, कार्य अडायला नको, पेच्चियम्माचा लांबचा चुलतभाऊ आहे, परोट्याच्या गाडीवर असतो, त्याची मांडी घेऊ. मामाच तो, चुलत असला म्हणून काय झालं. त्याला बसवला. पोरीला उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. तिनं एकदा वळून वर त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याच्या अंगठ्याला असा चावा घेतला की तो परोट्याचा माणूस, रोज तापल्या तव्यावर हात घालणारा, "अय्यो" करून उठला तो पुन्हा मांडवात दिसला नाही. मग मी सोनाराला म्हटलं, बाबा, माझ्याच मांडीवर टोच. त्यानं तार परत कागदात गुंडाळली. म्हणाला, "साहेब, माझ्या बापानं बापाच्या मांडीवर कधी कान टोचला नाही. मामा रुसला असेल तर आणा. मी कुठं पळत नाही." आणि उठून पहिल्या पंगतीला बसला. कार्य झालं नाही, जेवणं झाली. जाताना लोक सांगून गेले की मटण जरा कच्चं राहिलं.

आणि तुमची बहीण त्या वेळी कुठं होती? हे मला खरं तर लिहायचं नव्हतं. तुमचा फोन आल्याचं मी तिला सांगितलं. तिनं स्वयंपाकघरातनं मोठं पोलादी उलथणं घेतलं, पाण्याची बादली घेतली, आणि तश्शीच निघाली, नव्या रेशमी साडीत, डोक्यात हातभर मल्लीचा गजरा. मी मागं मागं. आरप्पाळयमपासून तिनं सुरुवात केली. भिंतीवर पाणी मारायचं, उलथण्यानं खरवडायचं. तुमचा कान, तुमची मिशी, तुमचं नाव. कार्मेगमची खळ पहिल्या प्रतीची, (चूक करतो पण माल चोख देतो) सहज निघेना. तिची नखं तुटली. माणसं गोळा झाली. एक बाई म्हणाली, "अगं, सख्ख्या भावाचं पोस्टर कुणी फाडतं का? सोळाव्या दिवसाचं कार्य तरी होऊ दे." पेच्चियम्मा तिच्याकडं बघून म्हणाली, "माझा भाऊ जिवंत आहे. नुसता रागावलाय." आणि मग त्याच भिंतीला टेकून जी रडली, मच्चान, ती अश्रूंची आदरांजली खरीखुरी होती. खाली काळा चष्मा घालून कुणी नव्हतं. मी होतो, बादली धरून.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बोलायचं असलं की पोरीला सांगते. "सांग तुझ्या अप्पाला, कांजी गार होतेय." मी पण पोरीला सांगतो, "सांग तुझ्या अम्मेला, लोणचं संपलंय." पोर मधे उभी राहून दोघांचं ऐकते आणि शेवटी कांजी स्वतःच पिते. मी विचारतो, माझा काय गुन्हा? मी पोस्टर काढलं? मी मेलो? पण या गावात आणि या घरात गुन्हेगार शोधायला कुणी लांब जात नाही. जो बुटका असेल आणि जवळ असेल तो पुरतो.

सगळी पोस्टरं तिनं काढली, एक सोडून. ते आमच्या दारासमोर, पशुपतीच्या तांदळाच्या वखारीवर, पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली लांब बांबूनं चिकटवलंय. तिचा हात पोचत नाही, माझं तर विचारूच नका. पशुपतीला सांगितलं तर तो म्हणतो, मयताच्या पोस्टरला हात लावायचा नाही, पुढची निवडणूक लढवायचीय मला. तर रोज सकाळी अंगयर्कण्णी उंबऱ्यात बसते आणि समोर बोट करून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "तो माझा मामा." तुम्हाला टाटा करते. परवा अर्धा वडा वर करून तुम्हाला दाखवत होती, मामा, घे. फुलवाली म्हणाली, "देवाघरी गेला का गं मामा?" तर पोर म्हणाली, "नाही, भिंतीवर गेला." तिच्या बालवाडीतल्या सगळ्या पोरींच्या कानात काही ना काही लुकलुकतं. हिचे कान मोकळे. बाई विचारतात तेव्हा ती मामा भिंतीवरून उतरला की टोचणार म्हणून सांगते. हे तिला कुणी शिकवलं नाही. मी तरी नाही.

तर असं हे सगळं आहे. तुम्ही रागावलात तर खुशाल रागवा. तुमच्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. मदुरै आहे ही, इथं देवावाचून अडत नाही, मामाचं काय घेऊन बसलात. पोर मोठी होईल, लोक विसरतील, भिंतीवर दुसरं काही लागेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.

तुमच्या लेखी कधीच कुणी नसलेला,
चोक्कलिंगम

ता. क. वर 'काही अडलेलं नाही' असं लिहिलंय. ते खोडलं तर पत्र गबाळं दिसेल म्हणून तसंच ठेवलं. अडलंय. आडी संपला की पुढच्या आवणी महिन्यातला पहिलाच मुहूर्त सोनारानं राखून ठेवलाय. ताटं नाही आणली तरी चालेल, दुकानात ढीग आहे. बोकडाचं काय केलंत ते मात्र कळवा, पोर त्याचीही चौकशी करते. फ्लेक्स या खेपेला काढणार नाही. कार्मेगम फुकट काढून देतो म्हणत दोनदा घरी आला, त्याला दारातूनच घालवला.

ता. क. दुसरा. समोरचं पोस्टर काढायला मी मागच्याच आठवड्यात शिडी लावली होती. निम्म्यात पोचलो तेव्हा खालनं आवाज आला, "उतरा खाली." इतक्या दिवसांत तुमची बहीण माझ्याशी थेट बोललेली तेवढीच. म्हणाली, "त्याला कुणी हात लावायचा नाही. अण्णा उंच आहे. अण्णा येईल आणि स्वतःच्या हातानं फाडील, मग पोरीला मांडीवर घेईल. आणि ते जर आपोआप गळून खाली पडलं, तर माझा भाऊ गेला म्हणून मी त्याच्या नावानं आंघोळ करीन. मग तो बोडीत असो नाहीतर कुठं असो." तिचं तुम्हाला माहीत आहे. ती बोलली तसं करते.

ता. क. शेवटचा. आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंटासुद्धा जागचा हलतो म्हणतात, मग कागदाचं काय. वरचा उजवा कोपरा सुटलाय, तुमचं कपाळ दिवसभर फडफडतं. दुपारी ती जराशी आडवी झाली की मी कार्मेगमकडनं आणलेली खळ घेऊन शिडीवर चढतो आणि तुम्हाला परत चिकटवून खाली येतो. गुडघा कशानं धरलाय ते वर लिहिलं नव्हतं. वारा काही थांबत नाही, आणि माझा हात खालच्या कोपऱ्यापर्यंतच नीट पोचतो. लवकर या.